न पडलेल्यांच्या सुनांचा सत्कार

आंबाखेड, ता. मंगरूळपीर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. वैभवीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या संस्थेविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. ती आधी नोंदवून घे, क्षेमकुशल मागाहून. म्हाताऱ्या माणसांनी पडू नये म्हणून तुम्ही आमच्या गावात ज्या न घसरणाऱ्या चपला वाटल्या, त्या वाजतात. पाऊल टेकलं की 'च्युई' आणि उचललं की 'पुक'. नुकतं चालायला लागलेल्या लेकराच्या पायात शिट्टीचे बूट घालतात ना, तोच नाद. काल समाजमंदिरातून तुमचा व्यायामवर्ग सुटला आणि गावातलं सगळं वार्धक्य वाजत-गाजत घराकडं निघालं. मागं पोट्टे हसत होते. गल्लीतले नानाजी आजवर कुणाच्या बापाला भ्याले नाहीत. त्यांनी चपला काखोटीला मारल्या आणि अनवाणी चालू लागले. सबब माझं पहिलं मूल्यमापन लिहून घे: या चपलेनं पाय घसरत नाही, अब्रू घसरते.

आता क्षेमकुशल. आम्ही सर्व ठीक.

आकडे आरोग्य उपकेंद्रातून मिळतातच, मामा, तुम्ही मला गोष्टी लिहा, असं तू म्हणालीस. आणि फोनवर मी 'हं' च्या पलीकडे जात नाही म्हणून पत्र लिहायची शिक्षा दिलीस. शेलूबाजारच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला कुणी 'स्थानिक मूल्यांकन सहायक' म्हणेल असं वाटलं नव्हतं. पण ज्याचं नाव उकिरड्यावरून उकंडराव ठेवलं आणि ज्याला पोटासाठी कालिदासाच्या भाषेकडं पाठवलं, त्याला विसंगतीची सवय असते. पद स्वीकारलं.

तर तुमची सेवा अशी चालते. मंगळवारी सिस्टरबाई येतात, रक्तदाब पाहतात, गोळ्यांच्या पट्ट्या तपासतात. नानाजींची एक गोळी अर्धी केली, तेव्हापासून त्यांना सकाळी उठल्यावर गरगरत नाही. हे चांगलं झालं. आमच्या न्हाणीत भिंतीला लोखंडी दांडा बसवून दिला, हेही चांगलं. समाजमंदिराच्या भिंतीवर मात्र एक चित्र लावलं आहे. त्यात एक आजोबा असे तिरपे उभे आहेत की गावानं ते दारूबंदीचं समजून घेतलं. दोघं जण तर चित्राकडं पाहून रस्ता बदलतात.

व्यायामात खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभं राहायचं असतं. तुझी आजी म्हणाली, "मी काय बगळा हाओ? सारी जिंदगी दोन पायांवर काढली, आता एक कायले उचलू?" सिस्टर म्हणाल्या, "आजी, तोल सुधारतो." माय म्हणाली, "माहा चांगला हाये. तू तुहा सुधार." तिच्या शेजारी बंजारा तांड्यावरची हिरीबाई, तिची रोज दुपारची मैत्रीण, एका पायावर उभी राहून वर तंबाखू मळत होती. ते पाहिल्यावर मायनं पाय उचलला. स्पर्धा ही तुमच्या यादीत नसलेली औषधी आहे, लिहून ठेव.

त्यावरूनच एक कल्पना सुचली. सरपंच धरमसिंग विचारत होता, वर्गाला गर्दी कशी वाढवावी. मी म्हटलं, म्हाताऱ्याला सांभाळते सून, आणि म्हातारा पडला की शिव्याही खाते सून. तिचा कधी कुणी सत्कार केला आहे का? त्यानं त्याच संध्याकाळी भोंग्यावर पुकारलं: सव्वीस जानेवारीपर्यंत ज्या घरचं म्हातारं माणूस पडणार नाही, त्या घरच्या सुनेला पंचायतीच्या हळदीकुंकवात साडी-चोळी. कल्पना माझी, हे मी कुणाला सांगितलं नाही. म्हणजे गावात फक्त सगळ्यांना माहीत आहे.

तुझा मामा,
उकंडराव


नागपूर
३० नोव्हेंबर २०२४

ती. मामांस सा. न.

चपलांची तक्रार वर पोचवली. पुरवठादार म्हणतो, वापरून वापरून आवाज बसतो. मी विचारलं, किती दिवसांत? तो म्हणाला, माणसावर अवलंबून आहे. मामा, मलाही आता तुमच्यासारखंच लिहावंसं वाटायला लागलं आहे. हे ऑफिसात धोक्याचं आहे.

चित्र बदलायला सांगते. गोळीचं आणि दांड्याचं तुम्ही लिहिलंत ते मला फार उपयोगाचं आहे, कारण उपकेंद्राच्या आकड्यात ते दिसतच नाही. तिथं एकच गोष्ट दिसते: किती जण पडले. आमचा मार्चअखेरचा अहवालही त्यावरच तोलला जाणार. प्रमाण कमी झालेलं दिसलं तर ही सेवा पोहरादेवीकडच्या तांड्यांवर न्यायची; नाही दिसलं तर इथंच आवरायची. सरळ आहे.

साडी-चोळीचं वाचून मी जरा थबकले. पण सुनांचा सत्कार कुणी करत नाही हे खरंच आहे, आणि सरपंच स्वतःहून काही करतोय तर आपण कशाला आडवं जायचं. गर्दी वाढली तर चांगलंच.

एक विनंती. घरोघरी 'गेल्या महिन्यात पडलात का?' हे विचाराल तेव्हा म्हाताऱ्या माणसाला एकट्याला विचारा. घरचे समोर असले की उत्तर वेगळं येतं.

आजीला म्हणावं, दुसरा पायसुद्धा उचल, मी पाहायला येते. मामीला नमस्कार.

तुमची
वैभवी


आंबाखेड
७ जानेवारी २०२५

चि. वैभवीस अनेक आशीर्वाद.

पुनश्च तक्रार नाही, उलट जयघोष आहे. गावात कुणीही पडलं नाही. दोन महिने घरोघर फिरलो. ज्या गावात बैल पडतात, भिंती पडतात, विजेचे खांब पडतात, त्या गावात माणूस पडेनासा झाला. धरमसिंग म्हणतो, साड्या कमी पडतील.

एकट्याला विचारायचं तेवढं मात्र जमलं नाही. तुला नागपुरात राहून विसर पडला असेल, पण इथं कुणाच्या घरी गेलं की आधी खुर्ची येते, मग चहा येतो, मग सगळं घर भोवती येऊन बसतं. ज्या सुनेनं चहा केला तिला 'बाई, तू जरा आत जा' कसं म्हणणार? आणि मी मास्तर. अर्ध्या गावाच्या पोरांचे कान मी पिळलेले. लोक अदबीनं उत्तर देतात, आणि सगळे मिळून देतात. हिरीबाईकडं गेलो तर तिचा मुलगा बादलच म्हणाला, "तिले काय इचारता गुर्जी, मी सांगतो ना. नाई पडली." हिरीबाई मान हलवत होती. तिच्या सुनेनं, नितानं, चहात साखर जरा जास्तच टाकली होती. तिची साडी नक्की समज.

आमच्या घरीही उत्तम. मी काही नियम केले आहेत. तांड्याकडची वाट दगडाधोंड्यांची, म्हणून मायचं दुपारचं तिकडं जाणं बंद. चूल खाली आहे, उठबस होते, म्हणून भाकरी थापणं बंद. मागच्या अंगणात पायरी आहे, म्हणून मागचं अंगण बंद. माय सुरुवातीला म्हणाली, "मंग मले कोठीतच ठेव ना, तुरीसंगं." आता खाटेवरून राज्यकारभार पाहते. वरणात मीठ किती, शेजारच्यांच्या कुत्र्याचं चारित्र्य कसं, माझा सदरा कोणत्या बाजूनं चुरगळला, सगळ्यावर निकाल देते. तिच्या कोपराला काळा डाग दिसला. विचारलं तर म्हणाली, कोठीच्या दाराचा मार लागला. दारांचाही तुमच्या योजनेत समावेश करावा.

तिळगूळ पाठवतो आहे. तुझ्या साहेबांना दे आणि सांग, वाशीम जिल्ह्यात एक गाव आहे जिथं गुरुत्वाकर्षण नाही.

तुझा
मामा


नागपूर
१६ जानेवारी २०२५

ती. मामांस सा. न.

तिळगूळ पोचला. साहेबांना दिला, तुमचं वाक्यही सांगितलं. ते हसले. मी नाही हसले.

साठीच्या पुढची इतकी माणसं आणि दोन महिन्यांत एकही पडलं नाही, असं मी कुठल्याच गावात पाहिलेलं नाही. शहरातही नाही, लिफ्ट असलेल्या इमारतीतही नाही. मी चूक असेन तर आनंदानं चूक असेन. पण तुम्ही प्रश्न बदला. पडलात का, ते विचारूच नका. 'मागच्या महिन्यात कुठं कुठं चालत गेलात?' एवढंच विचारा. आणि मामा, चहा नको म्हणा, खुर्ची नको म्हणा, काही करा, पण एकट्याला विचारा.

आणि आजीचं कोपर. ते तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि पुढच्या ओळीत विनोद केलात. बाही वर करून स्वतः पाहा. ती नाही म्हणाली तरी पाहा.

घाईत,
वैभवी


आंबाखेड
९ फेब्रुवारी २०२५

चि. वैभवीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आलं तेव्हा सत्कार आठवड्यावर आला होता. कोपर पाहायचं मी दुसऱ्या दिवसावर टाकलं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यावर. कारण आता मला कळतं आहे, तेव्हा कळून घ्यायचं नव्हतं.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं, दुपारी हळदीकुंकू झालं. धरमसिंगच्या मंडपात सुना एका रांगेत बसल्या. तुझ्या मामीचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या सगळ्यात जास्त वाजल्या, कारण मास्तराचं घर. निळी साडी मिळाली. मी फोटो काढला. त्यात मंजुषा हसत नाही आहे, हे मला फोटोत दिसलं, मंडपात दिसलं नव्हतं.

नंतर तुझा प्रश्न घेऊन निघालो. तुरी काढून बादल आणि निता वीटभट्टीवर गेले आहेत, म्हणून हिरीबाई एकटी असणार हे धरून आधी तांड्यावर गेलो. ती दारातल्या खाटेवर बसली होती. खाटेच्या उजव्या हाताला पाण्याचा हंडा, डाव्या हाताला भाकरीची टोपली. सगळं हाताशी.

मी विचारलं, "हिरीबाई, मागच्या महिन्यात कुठं कुठं चालत गेली?"

ती म्हणाली, "कुठीच नाई. बादलनं सांगतलं, खाटेवरून उठजो नको. शेजारीण येते, बाहेर नेते, वापस आणून ठेवते."

"आमच्या मायकडं, तुझ्या पंचफुलाकडं?"

"ते तं येतच नाई आता. तुमी बंद केलं ना. मंग मी कायले जाऊ? पहिले ते येवो." आणि मग, "आमी दोघीबी नाई पडलो म्हणते गाव. मी तं पडली होती गुर्जी. पोळ्या लाटाच्या पाटावरून उठली अन् बसली खाली. निता रडाले लागली, म्हणे आता साडी गेली. मी म्हतलं, काहून रडतं, मी कोणाले सांगतो काय? तिले लग्नानंतर कोणी हात जोडून साडी देल्ली नोती. मी खाल्ली असती ते साडी?"

तिनं मला तंबाखू देऊ केली. मी खात नाही हे तिला माहीत आहे, तरी दिली. मी घेतली.

त्यानंतर आणखी काही घरी गेलो. कुणी म्हणे ओट्यापर्यंत, कुणी म्हणे कुठंच नाही. नानाजींना त्यांच्या मुलानं शेतात जायची बंदी केली आहे. ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या गोळीनं डोक्सं ठीक झालं, अन् तुमच्या साडीनं पाय गेले."

न्यायशास्त्राच्या, म्हणजे तर्काच्या, पहिल्या वर्षातलं पोरही सांगेल की एखादी गोष्ट नाही हे सिद्ध करताना ती असायला जागा होती का हे आधी पाहावं. मी पडण्याचा अभाव मोजत फिरलो. माणसं चालतच नव्हती.

घरी आलो. मायला तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "तूच तं सांगतलं कुठी जाचं नाई. अन् आता इचारतं, कुठी गेली होती." मी बाही वर केली. डाग पिवळा पडून जात आला होता, पण पाठीवर दुसरा होता, ताजा.

मंजुषा भांडी घासत होती. तिला विचारलं. हातातली परात तशीच धरून ती म्हणाली, "एकदा न्हाणीच्या दारात, एकदा मागच्या पायरीवर. तुमी शाळेत होते. आत्याबाईनं शपथ घातली. म्हणाल्या, साऱ्या गावाले साडीचं यानं सांगतलं, अन् याच्याच घरची माय पडली तं मास्तरचं तोंड काय राहीन?"

मी म्हटलं, "तू मला सांगायचं होतंस."

ती म्हणाली, "सांगतलं असतं तं तुमी काय इचारलं असतं पहिले? लागलं काय, का तुहं ध्यान कुठी होतं?"

 

तुझा
मामा


नागपूर
१७ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस सा. न.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ऑफिसच्या जिन्यात बसून.

'साडी-चोळीचं वाचून मी जरा थबकले' असं मी तुम्हाला लिहिलं होतं. थबकले आणि पुढं गेले, कारण मलाही तो आकडा हवा होता. तेव्हा दोष एकट्यानं उचलून नेऊ नका, माझा वाटा इथं ठेवा.

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, अहवाल जूनपर्यंत पुढं ढकलू. तुमच्या गावाचे दोन महिन्यांचे आकडे बाद. पुढच्या महिन्यापासून तुम्ही सुचवलेला, म्हणजे मी सुचवलेला, म्हणजे हिरीबाईनं खरा करून दाखवलेला प्रश्न सगळीकडं विचारणार: कुठं कुठं चालत गेलात. जे चालतात त्यांच्यातले थोडे पडणारच. त्यांनी चालावं आणि पडलं तर हाड मोडू नये, पडून राहू नये, याचीच सेवा करायची आहे. मामा, सेवा वाईट नाही. दांडा चांगला आहे, गोळी चांगली आहे, एका पायावर उभं राहणंही चांगलं आहे. आपण फक्त तिचं फळ चुकीच्या ठिकाणी पाहायला गेलो.

आजीचं आता असं करा. खाटेच्या कडेला बसवा, पाय जमिनीवर. हात न टेकता उठायला सांगा. जमलं तर दारापर्यंत. काही दिवसांनी ओट्यापर्यंत. मग तांड्याकडं, अर्ध्या वाटेवर एक खुर्ची ठेवून. तुम्ही बाजूला उभं राहायचं. हात धरायचा नाही, फक्त जवळ असायचं. हेच सगळ्यात अवघड असतं, घरच्यांना.

तुम्ही एवढं लांब पत्र लिहिलंत, पण आजी आता कशी आहे हे त्यात कुठंच नाही. कळवा.

तुमची
वैभवी


आंबाखेड
२३ मार्च २०२५

चि. वैभवीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला महिना उलटून गेला. फोन तू केलेस, मी 'हं' म्हटलं, ते काही उत्तर नव्हे. आधी बाहेरच्या गोष्टी लिहितो, मग घरातली.

धरमसिंगला जाऊन सांगितलं की माझ्या नोंदी खोट्या ठरल्या, सत्कार करायला नको होता. तो म्हणाला, "मंग साड्या वापस घ्याच्या काय गुर्जी? बायकांनी नेसल्या ना." मी म्हटलं, साड्या राहू दे, भोंग्यावर एवढंच पुकार की म्हातारं माणूस पडलं तर त्यात सुनेची चूक नाही, उपकेंद्रात कळवा. त्यानं पुकारलं. पण त्याला हुरूप आवरेना. म्हणाला, "असं करू, जे म्हातारं जास्त चालन त्याच्या सुनेले देऊ." मी दोन्ही हात जोडले. गेल्या मंगळवारी वर्गात तिघांनी पडल्याचं सांगितलं. सिस्टरबाई घाबरल्या, मला एवढं बरं वाटलं की मी त्यांना चहा पाजला. नानाजी हरभऱ्याच्या शेतात जाऊ लागले आहेत, काठी घेऊन, मुलाशी भांडून. रामनवमीला पोहरादेवीला जायचं म्हणून हिरीबाई रोज तांड्याच्या विहिरीपर्यंत चालते. तिच्या पायातली चप्पल अजूनही वाजते. पुरवठादाराला कळव.

आता घरातलं.

फेब्रुवारीच्या शेवटी माय पडली. मी त्याच खोलीत होतो, उत्तरपत्रिका तपासत. तिला तहान लागली होती. मला हाक मारली नाही, मी कामात म्हणून. खाटेवरून उठली आणि पायांनी तिला धरलंच नाही, सरळ खाली. वाशीमला नेलं, फोटो काढले. हाड मोडलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, किती दिवस बसून आहेत या? पाय वाळले आहेत. मंजुषा माझ्याकडं पाहत नव्हती, हा तिचा मोठेपणा.

तू सांगितलंस तसं करतो आहे. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी आल्यावर. खाटेच्या कडेला बसवतो, बाजूला उभा राहतो, हात मागं बांधून घेतो. तिला सांगतो, ऊठ. ती विचारते, "उठू काय?" मी म्हणतो, हो. मग उठते, थरथरते, उभी राहते. दारापर्यंत येते. दारात विचारते, "बस झालं काय?" पाणी पिऊ काय, कुशीवर वळू काय, हेही विचारते. माझ्या बापालाही जिनं कधी काही विचारलं नाही, त्या बाईनं. वरणात मीठ कमी असलं तरी परवा काही बोलली नाही. मंजुषानं मुद्दाम कमी टाकलं होतं.

काल हिरीबाई आली. तांड्यावरून स्वतःच्या पायांनी, शेजारच्या बाईच्या खांद्यावर एक हात ठेवून. दारातूनच म्हणाली, "पंचफुला, मीच आली माय पहिले. हारली मी. आता चाल, ओट्यावर बसू." मायच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. तिनं पाय खाली सोडले. मग माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, जाय. ती म्हणाली, "अन् पडली तं?"

पडली तर पडली, उचलू, असं मला म्हणायचं होतं. तूही तेच लिहिलं आहेस, आणि ते खरं आहे हे मी गावभर सांगत फिरतो. पण मी खाटेची उशी सरळ करू लागलो. मायनं पाय पुन्हा वर घेतले. हिरीबाई आत येऊन खाली बसली, आणि दोघी तिथंच बोलत राहिल्या.

वैभवी, अहवाल, आकडे, गावात झालेली शोभा, यातल्या कशाचीही मला आता फारशी चिंता नाही. मला चिंता आहे ती ही. ती खाटेवर बसलेली असते तेव्हा मला शाळेत शांतपणे शिकवता येतं. ती उभी राहते तेव्हा मी तिच्या बसण्याची वाट पाहतो, आणि ती पुन्हा बसली की मला बरं वाटतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण मायला ते दिसतं. ती पायांमुळं बसून नाही. मला बरं वाटावं म्हणून बसून आहे.

तुझा मामा,
उकंडराव